पाणचिऱ्याची एक कृती: चंबळ नदीवरील छायाचित्रणाच्या प्रकल्प नोंदी

२० फेब्रुवारी, निघण्यापूर्वी

या प्रकल्पाचा विषय एक पक्षी आणि त्याची एकच कृती एवढाच ठेवायचा, असे मी ठरवले आहे. पक्षी पाणचिरा आणि कृती त्याच्या नावातच सांगितलेली: पाण्याला लागून उडता उडता खालची चोच पाण्यात बुडवायची आणि पृष्ठभाग चिरत जायचे. हिंदीतही त्याला पनचिरा म्हणतात, म्हणजे ज्यांनी त्याला नाव दिले त्या सर्वांच्या डोळ्यांत हीच एक गोष्ट भरली असावी. जगात या गटाच्या तीनच जाती आहेत. एक अमेरिका खंडांत, एक आफ्रिकेत आणि तिसरी, रिंकॉप्स अल्बिकॉलिस, आपल्याकडे. तिन्ही जातींत खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते, आणि ही रचना इतर कोणत्याही पक्षिकुळात नाही. समोरून पाहिली तर ही चोच सुरीच्या पात्यासारखी चपटी आणि पातळ दिसते, बाजूने पाहिली तर जाड आणि नारिंगी, टोकाला पिवळी. पाण्यात बुडालेल्या पात्याला मासा लागताक्षणी मान खाली झुकते आणि वरची चोच मिटते. भक्ष्य डोळ्यांनी हेरून सूर मारणारे सुरय पक्षी याच नदीवर असतात. पाणचिरा मात्र स्पर्शाने शिकार करतो.

गेल्या वर्षी मी याच नदीवर तीन दिवस घालवले होते आणि पाणी चिरतानाची चारच छायाचित्रे हाती लागली. चारही पाठीमागून टिपलेली, पक्षी दूर जात असलेला. त्यात चोच दिसत नाही. पाण्यावर उमटलेली रेघ तेवढी दिसते. यंदा फेब्रुवारी ते जून अशा पाच फेऱ्या आखल्या आहेत.

कामाआधी काही मर्यादा लिहून ठेवते, म्हणजे मोहाच्या क्षणी त्या नव्याने ठरवाव्या लागणार नाहीत. विणीच्या काळात वाळूच्या बेटावर पाऊल ठेवायचे नाही, वसाहतीजवळ लपण (छायाचित्रकाराने लपून बसायचा आडोसा) उभारायचे नाही, ड्रोन न्यायचे नाही आणि बेट नेमके कुठे आहे हे कुठेही लिहायचे नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हा पक्षी २०२० पासून संकटग्रस्त आहे, आणि जगभरात त्याचे प्रौढ पक्षी तीन हजारांहून कमी उरले आहेत असा अंदाज आहे. त्यामुळे या नोंदींत ठिकाण म्हणून ‘धोलपूरच्या खालच्या अंगाला’ एवढेच येईल.

२३ फेब्रुवारी

वनखात्याच्या नोंदीतील नावेतून सकाळी पावणेसातला निघालो. नावाडी गेल्या वर्षीचेच आहेत, त्यामुळे कुठे इंजिन बंद करायचे आणि कुठे बांबूने नाव ढकलायची, हे त्यांना सांगावे लागत नाही. धुके विरायला आठ वाजले.

पाणचिरे आले आहेत. हिवाळा ते आंध्रातील काकीनाडा, गुजरातेतील जामनगर अशा किनाऱ्यांवर आणि बांगलादेशातील नद्यांच्या मुखांशी घालवतात, आणि नदीचे पाणी उतरून वाळूची बेटे उघडी पडू लागली की चंबळीसारख्या मोठ्या नद्यांकडे परततात. आज मोजलेले पक्षी बावीस. सगळे एका बेटाच्या टोकावर वाऱ्याकडे तोंड करून बसलेले, जणू कुणी ओळीत मांडून ठेवलेले. जवळच नदी सुरय होते, आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला दोन सुसरी ऊन खात पडल्या होत्या. हे अभयारण्य मुळात सुसरींसाठीच १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत मिळून घोषित झाले. पाणचिऱ्याला त्याचा आसरा ओघाने मिळाला.

बसलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे भरपूर मिळाली आणि ती चांगली आहेत, पण प्रकल्पाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग अभ्यासापुरताच आहे. त्यांत एक अडचण मात्र स्पष्ट दिसली. पाणचिऱ्याचा डोळा गडद तपकिरी असतो आणि तो बरोबर काळ्या टोपीच्या कडेत येतो, त्यामुळे सूर्य बाजूला असला की डोळा काळ्यात काळा मिसळून नाहीसा होतो आणि पक्ष्याचा चेहरा आंधळा वाटतो. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका यायचा असेल, तर सूर्य छायाचित्रकाराच्या अगदी पाठीशी आणि क्षितिजालगत हवा. म्हणजे वेळ सकाळी उजाडल्यापासून तासभर आणि सूर्यास्तापूर्वी तासभर, एवढीच.

२४ फेब्रुवारी

दिवसभर वारा. पाण्यावर लाटा असल्या की पाणचिरा पाणी चिरतच नाही, कारण लाटेच्या चढउतारात पाते एका खोलीवर राहू शकत नाही. पक्षी बसून राहिले, आम्हीही. संध्याकाळी परत.

१५ मार्च

दुसरी फेरी. संख्या वाढली आहे. एका बेटावर सत्तेचाळीस मोजले, त्यानंतर थवा उठला आणि मोजणी सुटली. जोड्या जमू लागल्या आहेत. एका पक्ष्याने बोटभर मासा आणून दुसऱ्याच्या पुढ्यात धरला. तिने तो लगेच घेतला नाही, मान वळवली, चार पावले चालली आणि मग घेतला. हे सगळे वाळूवर, चांगल्या प्रकाशात, साठेक मीटरवरून टिपता आले.

आजचा मुख्य धडा एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा याचा. पक्षी वरून काळा, खालून आणि मानेभोवती पांढराशुभ्र, आणि मागे कधी उजळ वाळू तर कधी जवळजवळ काळे दिसणारे खोल पाणी. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मापनावर विसंबले की पक्षी वाळूसमोरून उडताना तो काळवंडतो आणि तोच पक्षी पुढच्या क्षणी गडद पाण्यासमोर आला की मानेची पांढरी पिसे जळून सपाट होतात. गेल्या वर्षीची निम्मी छायाचित्रे याच कारणाने वाया गेली होती. म्हणून आज सर्व मापे हाताने बांधून ठेवली: बसलेल्या पक्ष्याच्या पांढऱ्या मानेवर मोजणी घेतली, हिस्टोग्राममध्ये, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाच्या आलेखात, पांढरा रंग उजव्या कडेच्या किंचित अलीकडे थांबेल इतका प्रकाश ठेवला आणि पार्श्वभूमी काहीही असली तरी त्या मापाला हात लावला नाही. सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने शटर १/२५०० सेकंद, लेन्सचे छिद्र एफ ६.३ आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १६००. ऊन चढेल तसा दर दहा मिनिटांनी आयएसओ खाली. काळ्या पाठीतला तपशील नंतर संगणकावर थोडा उचलता येतो, पण जळलेले पांढरे पीस परत मिळत नाही.

शटरच्या वेगाबद्दलही लिहून ठेवते. १/१००० वर पक्षी स्पष्ट येतो, पण चोचीपाशी उडणारे पाणी पांढऱ्या धुरासारखे दिसते. थेंब सुटे सुटे दिसायला १/२५०० किंवा त्याहून वेगवान शटर लागते. मला थेंब हवे आहेत, कारण पाते पाण्यात किती खोल गेले आहे ते थेंबांच्या पडद्यावरूनच कळते.

स्वयंचलित फोकसने मात्र त्रास दिला. डोळा ओळखणारी प्रणाली काळ्या टोपीत डोळा शोधू शकत नाही आणि मग ती नारिंगी चोच धरते, किंवा पक्षी पाण्याच्या अगदी जवळ आला की चक्क त्याचे प्रतिबिंब धरते. प्रतिबिंबात चोच तितकीच नारिंगी आणि कडा तितक्याच स्पष्ट असतात, त्यामुळे यंत्राची चूक समजण्यासारखी आहे. आठ छायाचित्रांत प्रतिबिंब रेखीव आणि पक्षी धूसर आला. ही ओळख बंद करून मध्यभागी फोकसचा छोटा पट्टा ठेवला आणि तो पक्ष्याच्या छातीवर धरण्याचा सराव संध्याकाळभर सुरयांवर केला.

१७ मार्च

गेल्या वर्षापासून मी ज्या रीतीने काम करते आहे तीच चुकीची आहे, हे आज कागदावर मांडल्यावर दिसले.

आम्ही पक्ष्यामागे जात होतो. पाणचिरा पाणी चिरताना दिसला की नावाडी नाव त्या दिशेला वळवत, आम्ही पोहोचेपर्यंत तो पुढे गेलेला असे आणि हाती त्याची पाठ येई. काल रात्री मी तीन दिवसांच्या नोंदी काढून प्रत्येक ‘चिर’ नदीच्या कच्च्या नकाशावर रेघेने दाखवली. एकतीस रेघांपैकी सव्वीस फक्त तीन ठिकाणी पडल्या. मुख्य प्रवाहात एकही नाही.

आज सकाळी ती तिन्ही ठिकाणे पक्षी नसताना पाहिली. तिन्ही ठिकाणी बेटाच्या आडोशाला पाणी जवळजवळ थांबलेले आहे, नावाड्यांनी बांबू घालून दाखवला तर खोली कुठे गुडघ्याएवढी, कुठे त्याहून कमी, आणि पृष्ठभागावर लहान माशांच्या हालचालीने उठणारी बारीक वर्तुळे सतत दिसतात. पाणचिऱ्याला हवे ते सगळे तिथे आहे: सपाट पाणी, पृष्ठभागाजवळचे मासे आणि सरळ उडायला मोकळी जागा. त्याहून महत्त्वाची गोष्ट संध्याकाळी कळली. एक पक्षी किनाऱ्याला समांतर शंभर-दीडशे मीटर पाणी चिरत गेला, टोकाला चोच उचलून वळला आणि जवळजवळ त्याच रेषेवरून उलटा परत आला. मग पुन्हा. मी मोजले, सहा वेळा. आपल्याच चिरेने विसकटलेल्या पाण्यावरून तो परत का येतो, याचे एक स्पष्टीकरण असे देतात की हललेल्या पाण्याकडे मासे वर येतात. ते खरे असो वा नसो, छायाचित्रकारासाठी अर्थ एकच आहे. पक्षी जाताना दिसला तर घाई करू नये, कॅमेरा तयार ठेवावा, कारण तो समोरून परत येणार आहे.

यापुढे नाव उजाडण्यापूर्वी या तीनपैकी एका ठिकाणी नेऊन बांधायची, सूर्य पाठीशी येईल अशी, आणि जागा सोडायची नाही.

११ एप्रिल

तिसरी फेरी, आणि वीण सुरू झाली आहे. दुर्बिणीतून मोजलेली बसलेली घरटी चौदा. घरटे म्हणजे वाळूत पोटाने केलेला उथळ खळगा, त्यात काडी नाही की गवत नाही. तीन किंवा चार अंडी, वाळूच्या रंगाची, त्यांवर तपकिरी डाग. शेजारी नदी सुरयांची आणि लहान आर्ली पक्ष्यांची घरटी आहेत.

आज एक चूक झाली आणि ती माझ्या सांगण्यावरून झाली. बेटाच्या पश्चिम बाजूला प्रकाश सुंदर पडला होता, म्हणून मी नाव थोडी आत घ्यायला सांगितले. अंतर शंभर मीटरच्या आसपास असेल, ते गेल्या महिन्यात बसलेल्या थव्याला सहज चालले होते. आधी दोन पक्ष्यांनी माना वर केल्या. ती खूण मला कळायला हवी होती. मग काही जण उभे राहिले, सुरय ओरडत डोक्यावर आले आणि पुढच्या क्षणी सगळी वसाहत नाकातल्या आवाजात ‘क्यॅप क्यॅप’ करत हवेत होती. आम्ही ताबडतोब इंजिन न लावता प्रवाहाबरोबर नाव खाली सोडली. शेवटचा पक्षी अंड्यांवर परत बसेपर्यंत अकरा मिनिटे गेली. सकाळचे सव्वाआठ वाजले होते, वाळू अजून तापली नव्हती आणि आकाशात घार किंवा कावळा नव्हता. हेच दुपारी घडले असते किंवा कावळे जवळ असते तर अकरा मिनिटांत किती अंडी गेली असती, याचा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही. त्या अकरा मिनिटांतली उडत्या थव्याची छायाचित्रे कार्डात होती. ती मी पाहिली, आणि पुसली. ती कुणाला दाखवली असती, तर पाहणाऱ्याला तो आनंदाने उडालेला थवा वाटला असता.

नवा नियम: अंतर मीटरमध्ये ठरवायचे नाही, पक्ष्याच्या मानेवर ठरवायचे. एक मान वर झाली की थांबायचे, दोन झाल्या की मागे.

१२ एप्रिल

सकाळी वसाहतीची लांबून काढलेली सर्व छायाचित्रे धूसर. आधी लेन्सचा संशय आला, मग फोकसचा. संध्याकाळी त्याच लेन्सने त्याच अंतरावर रेखीव छायाचित्रे दिली तेव्हा उलगडा झाला की दोष हवेचा होता. नऊनंतर वाळू तापते, तिच्यावरची हवा थरथरू लागते आणि त्या थरातून पाहिलेल्या प्रत्येक पिसाची कड विरघळते. याला उपाय नाही. दुपारी वसाहतीकडे फक्त दुर्बिणीने पाहायचे.

आणि दुर्बिणीने जे दिसते ते छायाचित्र नसले तरी लिहून ठेवण्यासारखे आहे. दुपारी दीडच्या सुमारास एक पक्षी अंड्यांवरून उठला, पाण्यावर गेला, उडता उडता पोट पाण्याला टेकवून पुन्हा वर उठला, असे तीनदा केले आणि भिजलेल्या पोटाने येऊन पुन्हा अंड्यांवर बसला. थोड्या वेळाने शेजारच्या घरट्यावरच्या पक्ष्याने तेच केले. भाजणाऱ्या वाळूवर अंड्यांना ऊब द्यायची नसते, गारवा द्यायचा असतो. काल मी या ये-जा करणाऱ्या पक्ष्यांना उठवले होते.

१३ एप्रिल

पहाटे पाचला निघालो. अंधारातच दुसऱ्या क्रमांकाच्या ठिकाणी, वसाहतीपासून चांगल्याच दूर असलेल्या आडोशाच्या पाण्यात नाव आणली, बांबू रोवून ती दोन्ही टोकांना बांधली. नाव हलली तर शटर कितीही वेगवान असले तरी पक्षी चौकटीत राहत नाही. मी नावेच्या तळाशी पालथी झोपले, कडेवर वाळूची पिशवी ठेवली आणि तिच्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स. भिंग पाण्यापासून हातभर वर. इतक्या खालून पाहिले की पलीकडचा किनारा उंच चढतो आणि पाणी व वाळू यांच्यामधली रेघ पक्ष्याच्या मागे जाते, त्यामुळे पार्श्वभूमीत खालच्या भागात गडद पाणी आणि वर मऊ तपकिरी पट्टा एवढेच उरते.

वारा अजिबात नव्हता. सहाला दहा मिनिटे असताना, सूर्य उगवण्यापूर्वीच, पहिला पक्षी आला. दिसण्याआधी त्याचा आवाज आला, रेशमी कापड सावकाश फाटावे तसा. हा आवाज मी गेल्या वर्षी ऐकला नव्हता, कारण इंजिन चालू असे. प्रकाश अपुरा होता, आयएसओ ६४०० वर काही चौकटी घेतल्या, त्या नोंदीपुरत्याच ठेवल्या आहेत. पाणचिरे पहाटे, संध्याकाळी आणि रात्रीही शिकार करतात, कारण स्पर्शावर चालणाऱ्या शिकारीला उजेडाची तेवढी गरज पडत नाही. छायाचित्रकाराला मात्र त्यांच्या वेळेच्या शेवटच्या टोकावरच उभे राहावे लागते.

सहा वाजून बावीस मिनिटांनी तो पुन्हा डावीकडून उजवीकडे गेला, पाठ आमच्याकडे. मी शटर दाबले नाही. टोकाला त्याने चोच उचलली, वळला, आणि पंख पाठीच्या वर ठेवूनच खाली आला. पाणी चिरताना त्याचे पंख कधीही शरीराच्या पातळीच्या फार खाली जात नाहीत, नाहीतर टोके पाण्यात बुडतील. त्यामुळे पंखांची आतली पांढरी बाजू त्या आडव्या उन्हात सबंध उजळली होती. चाळीस मीटर, पस्तीस मीटर. मान खाली वाकलेली, वरची चोच उघडी, खालची तिच्या निम्म्या लांबीपर्यंत पाण्यात, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाणी पातळ काचेसारखे उभे राहिलेले. एकोणीस चौकटी. मग कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, भरला, आणि तो आमच्या समोरून तीसेक मीटरवरून निघून गेला, नावेकडे न पाहता.

एकोणीसपैकी सात रेखीव आहेत. त्यांतल्या एकीत डोळ्यात सूर्याचा ठिपका आहे आणि छायाचित्र पूर्ण मोठे केल्यावर बाहुली उभ्या फटीसारखी अरुंद झालेली दिसते. पक्ष्यांमध्ये अशी उभी बाहुली पाणचिऱ्यांच्या गटातच आढळते; पाण्यावरून आणि वाळूवरून येणारा लख्ख उजेड अडवण्यासाठी ती मिटत असावी, असे मानले जाते. त्याच चौकटीत खालच्या चोचीचे प्रतिबिंब आणि प्रत्यक्ष चोच पाण्याच्या पातळीवर जिथे भेटतात, तिथे एक लहानसा पांढरा बिंदू आहे, आणि तिथून मागे चिर सुरू होते. हेच छायाचित्र हवे होते. नावाड्यांना पडद्यावर दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, “दीदी, ही चोच झिजत नाही का?” झिजते, आणि म्हणूनच ती सतत वाढतही राहते.

१८ मे

चौथी फेरी. नदी खूपच उतरली आहे. कोटा बंधाऱ्यासारख्या वरच्या अंगाच्या धरणांतून आणि उपशांतून पाणी शेतीकडे वळते, आणि उन्हाळ्यात बेट व किनारा यांच्यामधला प्रवाह इतका क्षीण होतो की बेटाचे बेटपण संपते. मार्चमध्ये जिथे नाव सहज जात होती, तिथे आज नावाडी उतरून चालत गेले. पाणी त्यांच्या घोट्याच्या थोडे वर. त्या पट्ट्यात कुत्र्यांच्या पावलांचे ठसे होते, गुरांचेही. कुत्री आणि कोल्हे अंडी खातात, गुरे न कळत तुडवतात. पाणचिऱ्याची वीण बेटावर होते ती चारी बाजूंचे पाणी रखवाली करते म्हणून. ते पाणी काढून घेतले की घरटे उघड्या मैदानावर येते. काही ठिकाणी वाळूचा बेकायदा उपसा होतो, तिथे तर बेटच उरत नाही.

सुदैवाने या बेटावर माणसाची राखण आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या नदीवर गावातल्याच लोकांना घरट्यांचे रखवालदार म्हणून नेमण्याची पद्धत रुजवली आहे. हे काम उभे करणाऱ्या संशोधिका परवीन शेख यांना त्यासाठी २०२५ मध्ये निसर्गसंवर्धनाचा व्हिटली पुरस्कार मिळाला. आजचे रखवालदार काठी घेऊन किनाऱ्यावर सावलीपुरत्या छपराखाली बसले होते. रात्री तीन वेळा कुत्री हाकलली, असे त्यांनी सांगितले. त्यांनी मला घरटी किती उरली, किती फुटली याचा हिशेब तोंडपाठ सांगितला. माझी दुर्बिणीतली मोजणी त्यापुढे फारच ढोबळ आहे.

पिल्ले आहेत. वाळूच्याच रंगाची, धोका वाटला की मान लांब करून जमिनीला चिकटणारी, मग ती नजरेसमोर असूनही दिसत नाहीत. दुपारी पालक त्यांच्यावर पंख अर्धवट उघडून सावली धरतात. छायाचित्रे सकाळीच, दूरवरून आणि किनाऱ्याच्या बाजूने घेतली. पक्षी चौकटीत लहान आहे आणि तो लहानच राहू द्यायचा आहे, कारण भोवतालची वाळू हाही त्या छायाचित्राचा विषय आहे. पिल्लांच्या चोचीकडे लक्ष दिले: वरची आणि खालची, दोन्ही सारख्याच लांबीच्या. पाणी चिरणारे पाते जन्मतः नसते. मासा वाळूवर टाकला तर पिल्लू तो इतर कोणत्याही पक्ष्यासारखा उचलून खाते. खालची चोच लांब असती तर ते जमलेच नसते.

१९ मे

सकाळच्या छायाचित्रांतल्या एका प्रौढ पक्ष्याच्या पायावर संशोधकांनी घातलेली खुणेची पट्टी आहे, हे संगणकावर मोठे केल्यावर लक्षात आले. छायाचित्र म्हणून ते टाकाऊ आहे; पक्षी अर्धा पाठमोरा, प्रकाश सपाट. पण पट्टीवरची अक्षरे वाचता येतात. वेळ, दिनांक आणि ठिकाण लिहून मूळ फाइल संशोधकांकडे पाठवली. त्यानंतर फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या चौकटी पायांसाठी पुन्हा चाळल्या, आणखी दोन पट्ट्या मिळाल्या, एक अर्धवट वाचता येण्यासारखी. बसलेल्या थव्याची जी छायाचित्रे मी अभ्यासापुरती म्हणून बाजूला ठेवली होती, त्यांतच या दोन्ही निघाल्या. पुढच्या फेरीपासून रोज पहिली पंधरा मिनिटे फक्त पायांची छायाचित्रे घ्यायची.

२१ जून

शेवटची फेरी. आकाश ढगाळलेले, पाण्याचा रंग बदललेला. वरच्या भागात कुठेतरी पाऊस झाला असावा, कारण नदी कालपासून गढूळ झाली आहे आणि चढते आहे. गढूळ पाण्यात प्रतिबिंब तितके स्पष्ट उमटत नाही. एप्रिलमधले ते काळे, आरशासारखे पाणी आता मिळणार नाही, हे सकाळीच कळले. पण ढगांमुळे सावल्या मऊ आहेत, आणि काळ्या पाठीतला तपशील पहिल्यांदाच काही न करता कॅमेऱ्यात उतरतो आहे. एक्स्पोजर आज बांधून ठेवावे लागले नाही.

बेट निम्म्याहून लहान झाले आहे. त्यावर सव्वीस प्रौढ आणि या वर्षीची अकरा पिल्ले. पिल्ले आता उडतात, पाठीवर तपकिरी, पिसांच्या कडा फिकट. सकाळची पहिली पंधरा मिनिटे पायांना दिली, एकही पट्टी दिसली नाही.

साडेआठच्या सुमारास एका पिल्लाने पालकाच्या मागोमाग उड्डाण केले आणि बेटाच्या आडोशाला पाण्याजवळ आले. त्याची खालची चोच वरचीपेक्षा आता जेमतेम लांब दिसते, नखभर. पालकाने चोच पाण्यात घातली, पाणी चिरत सरळ गेला. पिल्लाने मान वाकवली, चोच टेकवली, आणि ती पाण्यात घुसताच त्याचा तोल पुढे गेला. छाती पाण्यावर आपटली, दोन्ही पंख फडफडले आणि ते कसेबसे वर उठले. वळून आले, पुन्हा टेकवली. या वेळी चार-पाच मीटरची चिर पडली, वाकडी, मध्येच तुटलेली. तिसऱ्यांदा ते पाण्याला न लागताच पालकाच्या रेषेवरून उडत गेले. मी सगळ्या चौकटी घेतल्या, पण त्या जपून ठेवायच्या की निवडायच्या हे घरी ठरवीन. गढूळ पाण्यामुळे चोच नेमकी किती बुडाली ते बहुतेक चौकटींत दिसत नाही.

दुपारी दोनला मोजलेली पाण्याची खूण सकाळपेक्षा दोन बोटे वर होती. रखवालदारांनी आपले छप्पर सोडवायला घेतले होते. बेटाच्या दक्षिण टोकावर उरलेली पाच पिल्ले पाणी जसजसे जवळ येत होते तसतशी मागे सरकत होती, आणि अडीचला थवा उठला तेव्हा पाचही त्याच्याबरोबर होती.